वरिष्ठांच्या वागण्याने लोकांचे वागणे का बदलते?

2020 च्या मे महिन्यात, इंग्लंडमध्ये टाळेबंदी लागू असताना, एक बातमी बाहेर आली. पंतप्रधानांचे प्रमुख सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज हे मार्चअखेरीस, घरात कोविडची लक्षणे दिसू लागलेली असताना, लंडनहून सुमारे 400 किलोमीटर दूर असलेल्या डरहॅमला कुटुंबासह मोटारीने गेले होते. लक्षणे असलेल्या कुटुंबांनी घराबाहेर पडू नये, असा आदेश त्यांच्याच सरकारने दिला होता. लहान मुलाच्या देखभालीची सोय व्हावी म्हणून गेलो, असा खुलासा त्यांनी केला आणि पदही सोडले नाही. त्याच काळात लंडनमधील संशोधकांचा एक गट लोकांकडून नियमितपणे प्रश्नावल्या भरून घेत होता. 40 हजारांहून अधिक लोकांची सुमारे 2 लाख 20 हजार उत्तरे तपासून त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला, तो असा की 22 मेपासून, म्हणजे बातमी आली त्या दिवसापासून, इंग्लंडमधील लोकांचा सरकारवरचा विश्वास घसरू लागला आणि पुढच्या काही दिवसांत आणखी खाली गेला. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये, जिथे लोक आपापल्या सरकारांविषयी मत देत होते, तशी घसरण दिसली नाही.

या निष्कर्षात एक कोडे आहे. एका माणसाच्या प्रवासाने संसर्गाचा धोका कमी झाला नव्हता, की नियमामागचे वैद्यकीय कारण खोटे ठरले नव्हते. निव्वळ तर्काने पाहिले तर त्या सल्लागाराचे वागणे आणि ‘मी घरात थांबावे का’ हा प्रश्न यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही लोकांनी तो संबंध जोडला, आणि माझ्या मते योग्यच जोडला. प्रमुखाने स्वतःच्या वागण्याने उदाहरण घालून द्यावे, ही शिकवण आपण लहानपणापासून सुविचार म्हणून ऐकत आलो आहोत. तिच्यामागे कार्यकारणाची एक साखळी आहे, गेल्या काही दशकांत प्रयोगांनी ती बरीचशी तपासली गेली आहे, आणि ती समजून घेतली की हे उदाहरण कधी लागू पडते आणि कधी वाया जाते, हेही कळू लागते.

## वागणे ही माहिती असते

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर रुग्णाचे नातेवाईक बहुधा एक प्रश्न विचारतात : ‘डॉक्टर, तुमच्या घरचे माणूस असते तर तुम्ही काय केले असते?’ या प्रश्नात डॉक्टरांच्या ज्ञानाविषयी शंका नसते. सल्ल्याचा भार स्वतःवर पडणार असेल तेव्हाही डॉक्टर हेच सांगतील का, एवढेच नातेवाइकांना जाणून घ्यायचे असते. ज्ञान तपासण्याचे साधन सामान्य माणसाकडे नसते, म्हणून तो ज्ञान असलेल्याची निवड पाहतो.

कोणत्याही प्रमुखाच्या आणि त्याच्या लोकांच्या नात्यात हीच अडचण असते. संस्थेची खरी स्थिती, कामाचे खरे महत्त्व, येणाऱ्या संकटाचे गांभीर्य हे सारे प्रमुखाला अधिक ठाऊक असते. त्याने ‘हे काम फार महत्त्वाचे आहे’ असे म्हटले, तर ते खरे असू शकते. पण काम महत्त्वाचे नसतानाही लोकांनी राबावे यात त्याचा फायदा असल्यामुळे तो तेच म्हणेल, हे लोकांना कळते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन हर्मालिन यांनी 1998 मध्ये ही अडचण नेमकेपणाने मांडली आणि तिच्यातून सुटण्याचे दोन मार्ग दाखवले. प्रमुखाने सर्वांच्या देखत आधी स्वतः कष्ट घ्यावेत, किंवा लोकांसाठी स्वतःच्या पदरचे काही द्यावे. कामाला खरोखर मोल नसेल तर कोणीही स्वतःची पदरमोड करून हे करणार नाही, त्यामुळे शब्दांवर विश्वास नसलेला माणूसही या कृतीवर विश्वास ठेवू शकतो. अशा कृतीला अर्थशास्त्रात ‘खर्चिक संकेत’ म्हणतात. ज्याची किंमत मोजल्याशिवाय तो देताच येत नाही, असा हा संकेत असतो.

प्रत्यक्षात याचा परिणाम किती होतो, हे मोजण्याची एक चांगली संधी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मिळाली. तेथील 58 गावांमध्ये घरांवर सौर पॅनेल बसवण्याची मोहीम चालली होती आणि गावोगावचे स्वयंसेवक शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यासाठी तयार करत होते. काही स्वयंसेवकांनी त्या मोहिमेतून स्वतःच्या घरावर पॅनेल बसवले होते, काहींनी नव्हते. 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्यांनी स्वतः बसवले होते त्यांनी इतरांपेक्षा सुमारे 63 टक्के अधिक लोकांना तयार केले. दोन्ही प्रकारच्या स्वयंसेवकांकडे सांगण्यासारखी माहिती एकच होती. पुढच्या प्रयोगांत कारणही स्पष्ट झाले : स्वतः पॅनेल बसवणारा माणूस मनापासून बोलतो आहे, असे ऐकणाऱ्यांना वाटले.

यातून एक कठोर वाटणारा निष्कर्ष निघतो. ज्या उदाहरणासाठी प्रमुखाला काहीच मोजावे लागत नाही, त्यातून काहीच कळत नाही. छायाचित्रकारांसमोर पाच मिनिटे झाडू हातात घेणे, वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे, कार्यक्रमात प्रामाणिकपणाची शपथ घेणे, या गोष्टी प्रामाणिक माणूसही करू शकतो आणि अप्रामाणिकही तितक्याच सहजपणे करू शकतो. संस्थांमध्ये ‘आदर्श’ म्हणून जे दाखवले जाते त्यातले बरेचसे या प्रकारचे असते, आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात तेव्हा त्यांची पारख बरोबरच असते.

## सामायिक ठेवीचा खेळ

आतापर्यंत विश्वासाचा मुद्दा झाला. पण विश्वास ठेवूनही माणूस हात आखडता घेऊ शकतो, कारण सर्वांच्या फायद्याच्या कामात स्वतः न राबता फायदा मिळवण्याचा मोह कायम असतो. या मोहाचा अभ्यास करण्यासाठी संशोधक एक साधा खेळ वापरतात. समजा, चार अनोळखी माणसांना प्रत्येकी काही रक्कम दिली आणि सांगितले की, हवी तेवढी सामायिक ठेवीत टाका. ठेवीत जे जमेल ते वाढवून चौघांत सारखे वाटले जाईल, मग कोणी किती टाकले याला महत्त्व नाही. सगळ्यांनी सगळे टाकले तर सगळ्यांचा फायदा होतो. मात्र एकट्याचा सर्वाधिक फायदा स्वतः काहीच न टाकता इतरांच्या ठेवीतला वाटा घेण्यात असतो.

2001 मध्ये झुरिकमधील संशोधकांनी हा खेळ अशा रीतीने मांडला की, ‘इतरांनी सरासरी इतके टाकले तर तुम्ही किती टाकाल’, हे प्रत्येकाला आधीच सांगावे लागे. सुमारे निम्मे लोक असे निघाले की, इतर जितके अधिक देतील तितके तेही अधिक देणार होते. जवळपास तिसरा हिस्सा लोक काहीही झाले तरी काही देणार नव्हते. पहिल्या गटाच्या वृत्तीला ‘सशर्त सहकार्य’ म्हणतात, आणि मला हे या विषयातले सर्वांत उपयोगी ज्ञान वाटते. समाजात एका टोकाला साधू आणि दुसऱ्या टोकाला लबाड असतात असे आपण धरून चालतो, पण सर्वांत मोठा गट मधला असतो आणि तो आजूबाजूला पाहून ठरवत असतो. प्रमुखाच्या उदाहरणाने बदलतो तो हा मधला गट.

पुढे याच खेळात एका व्यक्तीला सर्वांच्या आधी आणि सर्वांच्या देखत रक्कम टाकायला सांगण्याचे प्रयोग झाले. प्रमुखाने जास्त टाकले तर मागचे जास्त टाकतात, कमी टाकले तर कमी, हे वारंवार दिसून आले. त्याचबरोबर दुसरी एक गोष्टही तितक्याच नियमाने दिसली : मागचे लोक बहुधा प्रमुखापेक्षा थोडे कमीच टाकतात. म्हणजे मनापासून उदाहरण घालून देणाऱ्याच्या पदरात हिशोबाने इतरांपेक्षा कमी पडते. प्रमुखपद हा मान आहे असे समजून ते घेणाऱ्याने हे आधीच जाणून असावे. लोक आपल्या बरोबरीने झिजतील अशी अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली आहे. आपल्याकडे पाहून ते आधीपेक्षा जास्त झिजतील, एवढीच अपेक्षा वाजवी आहे.

## बर्फावर टाकलेली सोन्याची नाणी

प्रयोगशाळेतला खेळ तासाभराचा असतो. जिवावर बेतलेल्या परिस्थितीत, कित्येक महिने, हेच कसे घडते ते पाहायचे असेल तर अर्नेस्ट शॅकल्टन यांची अंटार्क्टिक मोहीम पाहावी. त्यांचे ‘एंड्युरन्स’ हे जहाज 1915 च्या जानेवारीत वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले, ऑक्टोबरमध्ये बर्फाच्या दाबाने ते मोडू लागले आणि 28 माणसांना तरंगत्या बर्फावर उतरावे लागले. होड्या ओढत नेण्याचा बेत असल्यामुळे प्रत्येकाने जवळचे सामान जेमतेम किलोभर वजनापर्यंत आणावे, असा हुकूम निघाला. तो सांगताना शॅकल्टन यांनी स्वतःच्या कोटातून सोन्याची नाणी आणि सोन्याची सिगारेटची डबी काढली आणि सर्वांसमोर बर्फात टाकून दिली. इतरांना फोटो, पत्रे, पुस्तके टाकायची होती. ती टाकणे किती जड जाते, हे ज्याने हुकूम दिला त्यालाही कळते आहे आणि त्याने स्वतःला सवलत दिलेली नाही, एवढे त्या एका कृतीतून सर्वांना समजले. एका वस्तूला मात्र त्यांनी सूट दिली : लेनर्ड हसी यांचा बँजो. वजनाच्या नियमात तो बसत नव्हता, पण पुढच्या काळात माणसांची मने टिकवायला तो लागेल, असे त्यांचे मत होते. ही सूट सर्वांसाठी होती, प्रमुखासाठी नव्हती, त्यामुळे नियमाला तडा गेला नाही.

त्यानंतरचा प्रसंग मला याहून बोलका वाटतो. झोपण्यासाठी केसाळ कातड्याच्या 18 उबदार पिशव्या होत्या आणि लोकरीच्या, कमी ऊब देणाऱ्या 10. चिठ्ठ्या टाकून वाटप झाले. शॅकल्टन, त्यांचे साहाय्यक फ्रँक वाइल्ड, कप्तान वर्स्ली आणि आणखी काही अधिकारी यांच्या वाट्याला लोकरीच्या पिशव्या आल्या आणि चांगल्या पिशव्या खालच्या पदांवरील माणसांकडे गेल्या. चिठ्ठ्यांत काहीतरी गडबड केलेली होती, अशी नोंद एका खलाशाने पुढे केली. त्याविषयी भाषण झाले नाही आणि श्रेयही मागितले गेले नाही; पण उणे तीस अंशांच्या आसपास थंडी असताना कोण कशात झोपते आहे हे तंबूतल्या प्रत्येकाला रोज दिसत होते.

तरीही ही गोष्ट केवळ उदाहरणाच्या जोरावर निभावली असे सांगणे खोटे ठरेल. डिसेंबर 1915 मध्ये होड्या ओढताना सुतार हॅरी मॅकनिश यांनी पुढे जायला नकार दिला. जहाजच बुडाले, त्यामुळे जहाजावर चाकरी करण्याचा करारही संपला, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा शॅकल्टन यांनी सर्वांना एकत्र करून कराराची कलमे वाचून दाखवली आणि करार कायम आहे, वेतनही चालू राहील, असे स्पष्ट केले. सोन्याची नाणी टाकून देणाऱ्या माणसालाही शेवटी कागद काढावा लागला. आणि त्याच मॅकनिश यांनी पुढे होडीला दिलेल्या मजबुतीमुळे दक्षिण जॉर्जिया बेटापर्यंतचा सुमारे 1,300 किलोमीटरचा समुद्रप्रवास शक्य झाला असूनही, मोहिमेनंतर शॅकल्टन यांनी त्यांची ध्रुवीय पदकासाठी शिफारस केली नाही. जहाजावरील 28 जण जिवंत परतले, पण प्रमुखाच्या मनातली ती अढी कायम राहिली, आणि ती त्यांच्या नावाला आजही चिकटून आहे.

## वाईट उदाहरणाचा परिणाम

अमेरिकेतील एका रुग्णालयाने जुनी इमारत सोडून नव्या इमारतीत जाताना हात धुण्यासाठी बेसिनांची संख्या वाढवली होती. सोय वाढली की लोक हात अधिक धुतील, अशी अपेक्षा होती. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत उलटेच दिसले : जुन्या इमारतीत निम्म्याहून थोड्या अधिक वेळा हात धुतले जात होते, तर नव्या इमारतीत ते प्रमाण चौथाईच्याही खाली आले होते. संशोधकांनी तपशिलात पाहिले तेव्हा एक दुवा ठळकपणे पुढे आला. खोलीत आपल्याहून वरच्या पदाची किंवा बरोबरीची व्यक्ती असेल आणि तिने हात धुतले नाहीत, तर बाकीचेही धुण्याची शक्यता फार कमी होत होती.

या प्रसंगात वरिष्ठ डॉक्टर काही बोलत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ते फक्त घाईत एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात. मागे चालणारा शिकाऊ डॉक्टर थांबून बेसिनकडे वळला तर तो गटाच्या मागे पडेल, आणि थांबणे म्हणजे वरिष्ठांच्या चुकीवर बोट ठेवण्यासारखेही होईल. हात धुण्याचे महत्त्व त्याला पुस्तकातून पाठ आहे. पण ‘इथे प्रत्यक्षात काय चालते’ हे ज्ञान वेगळे असते आणि ते त्याला याच क्षणी मिळते. भिंतीवरची सूचना आणि वरिष्ठांची पाठ यांत विरोध आला की तो पाठीमागे जातो.

पाहून शिकण्याची ही क्रिया मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1960 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रयोगांतून दाखवून दिली. मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला मारताना पाहिलेली मुले नंतर तशीच मारू लागली. 1965 च्या प्रयोगातला भाग मोठ्यांच्या जगाला अधिक लागू पडतो. मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी अनुकरण कमी केले. पण नंतर ‘त्याने काय केले ते करून दाखव, बक्षीस मिळेल’ असे म्हटल्यावर त्याही मुलांना सारे करून दाखवता आले. पाहिलेले त्यांनी शिकून ठेवलेच होते, शिक्षेचा प्रसंग पाहून फक्त दाबून ठेवले होते.

म्हणून प्रमुखाच्या उदाहरणात तो स्वतः कसा वागतो याबरोबर तो कोणाला बढती देतो, कोणाचे कौतुक करतो आणि कोणाच्या गैरवर्तनाकडे काणाडोळा करतो, हेही मोजले जाते. स्वतः निष्कलंक असलेला, पण भरपूर काम आणून देणाऱ्या लबाड सहकाऱ्याला पाठीशी घालणारा अधिकारी आपल्या हाताखालच्यांना एकच धडा देत असतो, आणि तो धडा त्याच्या स्वतःच्या स्वच्छ हातांपेक्षा जास्त लक्षात राहतो. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक लिंडा ट्रेव्हिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी नैतिक व्यक्ती आणि नैतिक व्यवस्थापक असा भेद केला आहे. पहिले असून दुसरे नसलेला माणूस लोकांना नैतिकतेविषयी उदासीन वाटतो, कारण त्याची मूल्ये कोणाला दिसतच नाहीत.

## सचोटी म्हणजे निर्दोष असणे का?

इथे पहिला आक्षेप येतो : कोणताही माणूस चुकतोच, मग असे उदाहरण घालून देणार कोण? हा आक्षेप ऐकून अनेक भली माणसे नेतृत्वापासून दूर राहतात, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

सचोटी याचा या लेखातला अर्थ मर्यादित आहे : जे सांगतो ते आणि जे करतो ते यांत मेळ असणे, आणि तो मेळ सोयीच्या दिवशी जसा असतो तसाच गैरसोयीच्या दिवशीही असणे. एकदाच केलेला त्याग हा योगायोग असू शकतो किंवा डाव असू शकतो. पाहणाऱ्याला त्यातला फरक कळतो तो सातत्यावरून, त्यामुळे सचोटीशिवाय उदाहरणाचा अर्थच लागत नाही.

येल विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लोकांना ढोंगी माणसाचा इतका राग का येतो, हे तपासले. दुसऱ्यांच्या दोषावर टीका करणारा माणूस न बोलताही ‘मी तसा नाही’ असे सुचवत असतो आणि त्याबद्दल आदर मिळवत असतो. तो स्वतः तेच करताना सापडला की हा आदर लबाडीने मिळवलेला होता, असे लोकांना वाटते. सरळ खोटे बोलणाऱ्यापेक्षाही ढोंग्याला लोकांनी वाईट ठरवले. मात्र ‘हे चुकीचे आहे, आणि माझ्याकडूनही ते कधीकधी होते’ असे आधीच मान्य करणाऱ्या माणसावर लोकांनी तसा रोष दाखवला नाही. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ यात लोकांना खुपते ते खोटे मोठेपण. अपूर्णता खुपत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की, चूक झाल्यावर प्रमुखाने ती इतरांनी उघड करण्याआधी स्वतः सांगावी, नियमात जी शिक्षा असेल ती स्वतःला लावून घ्यावी, आणि आपल्याला जमत नसलेल्या गोष्टीवर इतरांना प्रवचन देऊ नये. एप्रिल 2020 मध्ये स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरीन कॅल्डरवुड टाळेबंदीत आपल्या दुसऱ्या घरी जाऊन आल्याचे उघड झाले. त्यांनी माफी मागितली आणि त्याच दिवशी पद सोडले. चूक लपली नाही, पण नियम सर्वांना सारखा लागतो हे त्या राजीनाम्याने सिद्ध झाले. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगात नेमके हेच घडले नव्हते.

## कडक नियम केले तर पुरे नाही का?

काही बाबतींत नियमच अधिक परिणामकारक ठरतात, आणि ते मान्य केले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांशी संबंधित परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना वाहन चुकीच्या जागी लावल्याचा दंड न भरण्याची मुभा प्रत्यक्षात होती. 1997 ते 2002 या काळात अशा न भरलेल्या दंडांची संख्या दीड लाखांवर गेली. 2002 मध्ये शहराला त्यांच्या गाड्यांच्या विशेष पाट्या काढून घेण्याचा अधिकार मिळाला आणि उल्लंघने सुमारे 98 टक्क्यांनी कमी झाली. कोणाच्याही आदर्शाने इतक्या झटपट इतका बदल झाला नसता.

पण या उदाहरणात गुन्हा उघड्यावर, रस्त्यात उभा असतो आणि मोजता येतो. बहुतेक कामांत महत्त्वाचे तेच मोजता येत नाही. शिक्षकाने वर्गात किती जीव ओतला, परिचारिकेने रात्री तीन वाजता रुग्णाकडे किती लक्ष दिले, हिशोबनिसाने शंकास्पद नोंद खोदून काढली की सोडून दिली, हे कोणत्याही नियमावलीच्या आवाक्यात येत नाही. तिथे लोक आपल्या आसपासच्या वरिष्ठांना पाहूनच आपली पातळी ठरवतात. दोन्ही एकत्र असतील तर सर्वांत बरे. सामायिक ठेवीच्या खेळात, आधी देणाऱ्या प्रमुखाला एखाद्या सदस्याला पुढच्या फेरीतून वगळण्याचा अधिकारही दिला तेव्हा सगळ्यांचे देणे आणखी वाढले. जो स्वतः देतो आहे त्याने उगारलेला दंड लोकांना न्याय्य वाटतो. न देणाऱ्याने तोच उगारला तर ती जुलूमशाही वाटते.

## मग प्रमुखाने सगळी कामे स्वतःच करायची का?

नाही, आणि हा गैरसमज अनेक चांगल्या अधिकाऱ्यांना थकवून टाकतो. रुग्णालयाच्या प्रमुखाने फरशी पुसत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. तो ज्या कामासाठी नेमला आहे ते काम कोणी करायचे? प्रश्न कामाचा नसून ओझ्याचा आणि नियमाचा आहे. जी गैरसोय सर्वांवर लादली आहे तिच्यातून त्याने स्वतःला वगळले आहे का? काटकसरीचा आदेश काढल्यावर पहिली कात्री कोणाच्या खर्चाला लागली? एप्रिल 2020 मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी स्वतःचे, मंत्र्यांचे आणि वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांचे वेतन सहा महिन्यांसाठी 20 टक्क्यांनी कमी केले. त्याने देशाच्या तिजोरीत फारसा फरक पडणार नव्हता आणि तो पडावा असा हेतूही नव्हता. नोकऱ्या जात असताना सरकार चालवणाऱ्यांनीही काही सोसले, एवढेच त्यातून दिसायचे होते.

रोज उशिरापर्यंत कार्यालयात बसून ‘माझ्याकडे पाहा’ म्हणणारा वरिष्ठही चुकीचेच उदाहरण घालत असतो. त्याच्या हाताखालची माणसे काम संपल्यावरही नुसती बसून राहायला शिकतात. लोक नेमके काय उचलतील, याचा विचार उदाहरण घालून देणाऱ्यानेच करायचा असतो.

## सगळीकडेच गैरव्यवहार असताना एकट्याच्या सचोटीने काय होणार?

हा सर्वांत अवघड आक्षेप आहे. सायमन ग्येख्टर आणि योनाथन शुल्झ या संशोधकांनी 23 देशांतील अडीच हजारांहून अधिक तरुणांवर केलेला एक प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एकांतात फासा टाकायचा आणि पडलेला आकडा सांगायचा. आकड्याप्रमाणे पैसे मिळत, फक्त सहा पडल्यास काही मिळत नसे. खरे काय पडले हे कोणी पाहत नव्हते, पण एकूण आकड्यांवरून गटात किती खोटेपणा झाला याचा अंदाज बांधता येतो. ज्या देशांत भ्रष्टाचार, करचुकवेगिरी आणि राजकीय लबाडी जास्त होती, तिथल्या तरुणांनी आकडे जास्त फुगवले. त्या गैरव्यवहारांची मोजणी 2003 सालची होती, म्हणजे हे तरुण तेव्हा लहान मुले होती. व्यवस्था त्यांनी बिघडवलेली नव्हती. ते तिच्यात वाढले होते.

यावरून एकट्याने काही होत नाही, असा निष्कर्ष काढता येईल. मी तो काढत नाही, आणि त्याचे कारण त्याच संशोधनात आहे. अगदी बिघडलेल्या देशांतही सगळे पूर्ण खोटे बोलले नाहीत. बहुतेकांनी स्वतःला पटेल इतपतच आकडा वाढवला. म्हणजे किती लबाडी ‘चालते’ याची प्रत्येकाच्या मनात एक रेघ असते आणि ती आसपासच्यांकडे पाहून आखलेली असते. देशाची रेघ एकटा माणूस हलवू शकत नाही. पण माणूस देश पाहून जेवढे ठरवतो, त्याहून जास्त आपला विभाग, आपला वर्ग, आपली कामाची पाळी पाहून ठरवतो. दहा माणसांच्या गटात जो पहिला देतो त्याचा परिणाम मोजता येण्याइतका मोठा असतो, हे खेळांच्या प्रयोगांनी दाखवलेच आहे.

त्यासाठी पद असावेच लागते असेही नाही. कनेक्टिकटमधले स्वयंसेवक कोणाचे साहेब नव्हते. रुग्णालयाच्या त्या निरीक्षणांत वरिष्ठांबरोबर बरोबरीच्या सहकाऱ्याच्या वागण्याचाही परिणाम दिसला होता, आणि तो दोन्ही दिशांनी चालत असावा असे मानायला जागा आहे. शिकाऊ डॉक्टरांच्या गटातला एखादा जण गट पुढे गेला तरी बेसिनपाशी थांबतो. मागे पडतो, धावत येऊन गाठतो, पुढच्या रुग्णापाशी पुन्हा थांबतो. पहिल्या दिवशी तो एकटा असतो, आणि वरिष्ठांच्या लक्षात येईपर्यंत कदाचित अनेक दिवस एकटाच राहतो. मात्र त्याच्या शेजारी चालणाऱ्याला, ज्याला थांबायचे होते पण धीर होत नव्हता, त्याला आता थांबण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नसते.